करवत दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

वैशाखातील वळवाचा पाऊस वादळी वाऱ्यासह येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरची बाभूळ गोठ्यावर आडवी झालेली दिसते, किंवा लिंबाची मोठी फांदी मोडून पडल्यामुळे शेताची वाट अडलेली असते. अशा वेळी वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेली, पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बाहेर काढली जाते. गावोगावी तिला चेनसॉ किंवा नुसते कटर असे म्हणतात. दोरी ओढून ओढून हात भरून येतात, पण यंत्र सुरू होत नाही. सुरू झालेच तर लाकडात शिरताच बंद पडते. मग ते पोत्यात घालून तालुक्याच्या गावी नेले जाते. दुरुस्त करणारा म्हणतो, “इंजिन खोलावे लागेल.” विकणारा म्हणतो, “ह्यात आता पैसे घालू नका, नवीच घेऊन जा.” दोघांचेही बोलणे आपापल्या धंद्याला धरून असते. शेतकरी गोंधळून जातो, आणि बहुधा त्या दिवशी खिशात जेवढे पैसे असतील त्यांवरच निर्णय ठरतो.

कोरडवाहू शेतीवर अवलंबून असणाऱ्या लातूर, नांदेडकडील शेतकऱ्याला असा निर्णय परवडणारा नाही. सोयाबीनच्या किंवा तुरीच्या पैशातून घेतलेले यंत्र हे त्याचे भांडवल होय. ते वेळेपूर्वी टाकून देणे ही उधळपट्टी आहे. त्याचप्रमाणे निकामी झालेल्या यंत्रात पुनःपुन्हा पैसे ओतीत राहणे हीही उधळपट्टीच आहे. हे दोन्ही टाळावयाचे असेल तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी करवत का बिघडली, तिचे नेमके काय बिघडले आणि तिच्याकडून अजून किती काम घ्यावयाचे आहे, ह्यांची उत्तरे शेतकऱ्यानेच शोधली पाहिजेत. ह्यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच सहसा विचारला जात नाही.

बलुत्याच्या काळी

पूर्वी हा प्रश्न शेतकऱ्यापुढे फारसा येतच नसे. नांगराचे हाळीस मोडले की सुतार नवे घालून देई; फाळ बोथट झाला की लोहार तो भट्टीत घालून ठोकून देई. ह्या कामाची मजुरी वेगळी मोजावी लागत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावरून बलुतेदाराला त्याचा धान्याचा वाटा मिळे आणि वर्षभराची दुरुस्ती त्यातच येई. शिवाय औत मोडले की ते का मोडले, हे सुतार लाकूड पाहताच ओळखीत असे. लाकूड ओले वापरले होते, जमीन तापलेली असताना नांगर घातला होता, की बैलजोडी विजोड होती, हे सांगूनच तो कामाला हात लावी.

यंत्रे आली आणि ही व्यवस्था मागे पडली. आता दुरुस्तीचे पैसे रोख मोजावे लागतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याने ना शेत पाहिलेले असते, ना काम. तो मोडलेला भाग बदलून देतो. तो का मोडला हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. त्यामुळे कारण तसेच राहते आणि नव्या भागाचीही तीच गत होते. म्हणून बलुतेदार जो प्रश्न विचारीत असे, तो आता शेतकऱ्याने स्वतःला विचारावयाचा आहे.

किल्लारीने शिकविलेला धडा

दुरुस्ती की नवे, हा प्रश्न लातूर जिल्ह्याला एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचा जड थर असलेली घरे हजारो माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु भूकंपाचा धक्का बसलेल्या इतर असंख्य गावांत सर्वच घरे पाडून नवी बांधणे शक्य नव्हते व आवश्यकही नव्हते. तेथे घरांची दुरुस्ती व बळकटीकरण करण्याचा मार्ग पत्करण्यात आला.

ह्यातील ‘बळकटीकरण’ हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. केवळ भेगा लिंपून भिंतीला गिलावा केला असता तर घर दिसावयास चांगले दिसले असते, पण पुढच्या धक्क्याला पुन्हा पडले असते. भिंतीचे आतील व बाहेरील दगड एकमेकांत गुंतलेले नसणे आणि माथ्यावर मातीचे ओझे फार असणे, ही पडझडीची मुख्य कारणे होती. म्हणून दोन्ही अंगे सांधणारे आरपार दगड भिंतीत बसविणे, छपरावरील मातीचे ओझे कमी करणे, भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा घालणे असे उपाय सांगण्यात आले. दुरुस्ती म्हणजे मोडलेले जोडणे नव्हे, तर मोडण्याचे कारण काढून टाकणे होय, हा त्याचा अर्थ. घराची आणि करवतीची बरोबरी होऊ शकत नाही. पण हा नियम दोन्हींना सारखाच लागू आहे.

प्रथम कारण शोधावे

करवत बिघडली असे वाटते तेव्हा पुष्कळदा ती बिघडलेली नसतेच. साखळी बोथट झालेली असते. धारदार साखळी लाकडाच्या ठसठशीत कपच्या काढते. कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. अशा वेळी माणूस करवत जोराने दाबतो, इंजिनावर ताण पडतो, पट्टी तापते आणि मग खराखुरा बिघाड होतो. वाळलेली बाभूळ कठीण असते. तिच्यात जुना खिळा किंवा तार रुतलेली असली, अथवा बुंधा कापताना साखळी मातीला वा दगडाला लागली, तर धार त्या क्षणी जाते.

ह्या साखळीच्या दातांची कथा शेतकऱ्यांना पटेल अशी आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स ह्या लाकूडतोड्याने १९४६ साली एका खोडात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती लाकडाच्या उभ्या-आडव्या रेषांची पर्वा न करता, डावीकडे व उजवीकडे आलटून पालटून कुरतडीत पुढे जात होती. तिच्या जबड्यांच्या रचनेवरून त्याने साखळीचे डावे-उजवे दात तयार केले आणि १९४७ साली त्यांचे उत्पादन सुरू केले. आजच्या साखळ्या त्याच तत्त्वावर चालतात. आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड हा त्या अळीच्याच कुळातील किडा होय. अळीचा एक जबडा मोडला तर तिला सरळ पोखरता येणार नाही, तसेच साखळीचे आहे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर करवत लाकडात तिरकी जाते, आणि मालक मात्र पट्टी वाकली असे समजून नवी पट्टी आणतो. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाची गोल कानस घ्यावी, दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच हात मारावेत आणि दातांवरील खुणेपर्यंत झीज झाली की साखळी बदलावी.

दुसरे कारण म्हणजे इंधन. ह्या करवतीचे इंजिन दोन-फटक्यांचे असते. त्याला वंगणाची वेगळी सोय नसून पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण असते. ते किती मिसळावे हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल असे प्रमाण असल्यास १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर तेल मिसळावे लागते. घाईत मोटारसायकलीतील नुसते पेट्रोल काढून करवतीत घातले, तर काही मिनिटांतच दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरला घासून चरे पडतात. ‘तेवढ्यापुरते’ म्हणून घातलेले हे पेट्रोल सर्वांत महाग पडते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून तेल मिसळलेले पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नये. काम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच करवत ठेवावी. तसे न केल्यास कार्बोरेटरमधील पातळ पडदे ताठ होतात आणि पुढच्या हंगामात यंत्र सुरू होत नाही.

तिसरे कारण साखळीचे तेल. ट्रॅक्टरमधून काढलेले काळे तेल साखळीसाठी वापरण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. त्या तेलात धातूचा बारीक कीस असतो. त्याने पट्टी झिजते आणि तेलाचा पंप खराब होतो. दर वेळी पेट्रोल भरताना साखळीचे तेलही भरले पाहिजे.

बिघाड कोठे आहे?

कारण कळल्यावर बिघाडाची पाहणी करावी. साखळी, पट्टी, दातेरी चक्र, प्लग, हवेची व पेट्रोलची गाळणी, दोरी आणि तिची स्प्रिंग हे झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत. बैलाची पत्री झिजली म्हणून कोणी बैल विकत नाही. ह्या भागांसाठी नवी करवत घेण्याचा विचारही मनात आणू नये. कार्बोरेटरची सफाई करणे व पडदे बदलणे हेही ह्याच वर्गातील काम आहे.

खरी परीक्षा इंजिनाची असते आणि तिचा अंदाज शेतकऱ्याला घरीच घेता येतो. इंजिन बंद व थंड असताना, प्लग जागेवर घट्ट बसविलेला ठेवून, करवत दोरीच्या मुठीला धरून अलगद लोंबकळू द्यावी. ती अडखळत, हळूहळू खाली आली तर इंजिनात दाब आहे असे समजावे. विहिरीत पोहरा सोडावा तशी सरसर खाली आली तर दाब गेला आहे. त्यानंतर सायलेन्सर काढून आतील छिद्रातून दट्ट्याकडे पाहावे. तो गुळगुळीत दिसला तर बिघाड बहुधा वरवरचा असतो. त्यावर उभे चरे दिसले तर दट्ट्या, कडी व सिलिंडर ह्यांचा खर्च विचारात घ्यावा लागेल. ह्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा दिलेला असतो; त्यामुळे मोठ्या इंजिनाप्रमाणे तो कातून घेऊन पुन्हा वापरता येत नाही. हे माहीत असले म्हणजे “थोडे कातून देतो” असे सांगणाऱ्याकडून फसगत होणार नाही.

करवत ट्रॅक्टरच्या चाकाखाली येऊन किंवा झाडाखाली सापडून इंजिनाचे घरच तडकले असेल, मुख्य दांड्याचे बेअरिंग खिळखिळे झाले असेल, अथवा ज्या कंपनीचे यंत्र आहे तिचे सुटे भागच मिळत नसतील, तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडावा. स्वस्त म्हणून घेतलेल्या बिननावाच्या यंत्रांची हीच मोठी अडचण असते. त्यांचा एखादा लहानसा भाग मोडला तरी जोडीचा भाग मिळत नाही आणि सारे यंत्र भंगारात जाते. म्हणून नवी करवत घेताना किमतीच्या आधी लातुरात किंवा नांदेडात तिचे सुटे भाग मिळतात काय, हे विचारावे.

हिशेब कसा मांडावा

दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला तर नवे घ्यावे, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो सोपा आहे, पण पुरेसा नाही. किती पैसे जाणार एवढेच तो सांगतो. त्या पैशात किती काम मिळणार हे सांगत नाही.

समजा, नवी करवत २४,००० रुपयांना मिळते व ती ६ हंगाम चालेल. म्हणजे दर हंगामाचा खर्च ४,००० रुपये झाला. जुनीची दुरुस्ती १०,००० रुपयांत होत असेल, पण ती आणखी २ हंगामच चालणार असेल, तर दर हंगामाला ५,००० रुपये पडतील. हा खर्च निम्म्याहून कमी असूनही दुरुस्ती तोट्याची आहे. ह्याउलट १३,००० रुपये घालून इंजिन पूर्ण नवे होत असेल आणि करवत आणखी ४ हंगाम खात्रीने चालणार असेल, तर दर हंगामाला ३,२५० रुपयेच पडतील. हा खर्च निम्म्याहून अधिक असला तरी दुरुस्ती फायद्याची आहे. नवी करवत उसनवारीने घ्यावयाची असल्यास व्याजही हिशेबात धरावे. दुरुस्तीला दिलेले यंत्र ऐन हंगामात महिनाभर अडकून पडणार असेल, तर त्या बुडालेल्या कामाची किंमतही धरली पाहिजे. भाड्याने लाकूड कापून देणाऱ्यास ही शेवटची बाब विशेष लागू पडते.

हा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट उघड होते. ज्याचे काम वर्षातून दोनच दिवसांचे आहे, त्याला वरील नव्या करवतीचा एक दिवस पेट्रोल-तेलाशिवायच २,००० रुपयांना पडतो. अशा शेतकऱ्याने दुरुस्तीही करू नये व नवीही घेऊ नये. गावात किंवा जवळपास अवजारे बँक असल्यास तेथून यंत्र भाड्याने घ्यावे, अथवा यंत्रासह माणूस बोलवावा. चार-पाच जणांनी सावड करून एक चांगली करवत ठेवणेही शक्य आहे. मात्र ती कोणी चालवावयाची आणि इंधन कोणी मिसळावयाचे, हे आधी ठरवून ते काम एकाच जाणत्या माणसाकडे सोपवावे. सर्वांचे यंत्र ते कोणाचेच नव्हे, अशी स्थिती होऊ देऊ नये. थोड्याशा फांद्या तोडण्यासाठी हातकरवत आणि कुऱ्हाड आजही पुरेशी आहे.

जेथे हिशेब लावू नये

आतापर्यंतचा विचार पैशाचा झाला. परंतु करवतीचे काही भाग असे आहेत की ज्यांच्या बाबतीत पैशाचा हिशेब लावूच नये. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला अवचित लागला तर करवत उसळी मारून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्या क्षणी साखळी थांबविण्यासाठी पुढच्या मुठीसमोर ब्रेक असतो. तुटलेली साखळी अडविणारा आकडा, नुसत्या बोटाच्या धक्क्याने वेग वाढू न देणारा खटका आणि मुठीखालचे रबर हेही माणसाच्या रक्षणासाठीच बसविलेले असतात. ब्रेक मोडला म्हणून तारेने बांधून ठेवलेली किंवा तो काढूनच टाकलेली करवत सुरू होते, लाकूडही कापते. म्हणूनच ती अधिक घातक असते. हे भाग मूळच्यासारखे बसवून मिळत नसतील, तर इंजिन कितीही चांगले असो, ती करवत कामातून काढलीच पाहिजे. ती दुसऱ्या कोणाला विकूही नये.

यंत्र निर्दोष असले तरी डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोप, पायांत मजबूत बूट व अंगाला चापून बसणारे कपडे असल्याशिवाय काम सुरू करू नये. गळ्यातील उपरणे व धोतराचा सोगा साखळीत सापडण्यास क्षणही लागत नाही. विजेच्या तारांवर पडलेले झाड वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कापू नये. करवत दुरुस्त असो वा नवी, आंबा, चिंच, जांभूळ अशा अनुसूचित झाडांवर ती चालविण्यापूर्वी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते, ह्याचाही विसर पडू नये.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून ह्या बाबतीत पुष्कळ साह्य होण्यासारखे आहे. नवीन यंत्राच्या अनुदानाची माहिती ते शेतकऱ्यास देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु असलेले यंत्र कसे टिकवावे, ही माहितीही तितकीच मोलाची आहे. मृगापूर्वी एक दिवस गावातील करवती, फवारणी पंप व इतर लहान इंजिने चावडीजवळ एकत्र आणवून, दोन-फटक्यांच्या इंजिनासाठी तेल कसे मिसळावे आणि साखळीला धार कशी लावावी, हे प्रत्यक्ष दाखविता येईल. प्रत्येक यंत्रासाठी एक लहान वही ठेवण्याची सवय लावावी. कोणत्या तारखेला काय बिघडले, का बिघडले आणि किती खर्च आला, एवढे तीत लिहिले तरी पुरे. दोन हंगामांनंतर दुरुस्ती की नवे, ह्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला विचारावे लागणार नाही. ते त्या वहीतच लिहिलेले आढळेल.

नुसत्या पेट्रोलवर चालवून एक करवत बंद पाडणाऱ्या हातात दुसरी कोरी करवत दिली, तर तीही त्याच वाटेने जाईल. म्हणून पोत्यात घालून तालुक्याला निघण्यापूर्वी शेतकऱ्याने ओसरीवर बसून करवत स्वतः स्वच्छ करावी, सायलेन्सर काढून आत पाहावे आणि गेल्या वेळी तिच्यात काय भरले होते ते आठवावे. दुरुस्ती करावयाची ठरो वा नवी घ्यावयाची, त्या तासाभरात शोधलेले कारण दोन्ही वेळा उपयोगी पडेल.